दिवा कोणत्या रंगाचा आहे?

नवरात्र संपलं की पुण्यातल्या डीटीपीवाल्यांना दिवस-रात्रीचा हिशेब राहत नाही. दिवाळी अंकांची पानं लावायची असतात, मुद्रितं तपासून येतात, पुन्हा जातात, आणि छापखान्याची तारीख काही हलत नाही. नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अशीच एक रात्र चालली होती. दोन टेबलं, दोन संगणक, आणि सकाळी छपाईला जायची चोवीस पानं. साडेअकरा वाजून गेले होते. तिनं एका कथेचा शेवट पानात बसवला, दोन ओळी खाली सांडत होत्या म्हणून अक्षरांमधलं अंतर किंचित आवळलं, आणि तेवढ्यात समोरचा पडदा काळा झाला. ट्यूबलाइट चालू, पंखा चालू, टेबलाखाली कॅबिनेटची घरघर चालू. गेला तो फक्त पडदा.

शेवटचं सेव्ह कधी केलं होतं, ते तिला आठवेना.

अशा वेळी कुणाचाही हात एकाच जागी जातो. कॅबिनेटचं बटण दाबून धरायचं, मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. तिचाही हात निम्म्यावर गेला होता, पण तिनं आधी फोन लावला. पलीकडचा माणूस गेली वीस वर्षं पेठांमधल्या छापखान्यांचे आणि कचेऱ्यांचे संगणक दुरुस्त करत फिरतो. त्यानं काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही.

"ताई, बटणाला हात लावू नका. मॉनिटरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"निळा."

"लुकलुकतोय की स्थिर?"

"स्थिर आहे, दादा."

"बरं. कीबोर्डवर उजव्या हाताला वर नम लॉक आहे, ते दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का?"

तिनं दाबलं. दिवा विझला. पुन्हा दाबलं, लागला.

"मग मशीन शुद्धीवर आहे. आता कंट्रोल धरून एस दाबा. दिसत नसलं तरी दाबा. फाइलला आधी नाव दिलेलं होतं ना?"

"हो, सकाळीच."

"मग झालं काम. मी गाडीवर आहे, दहा मिनिटांत घरी पोचून फोन करतो. तोवर बटण दाबायचं नाही."

फोन ठेवला गेला. काळ्या पडद्यासमोर ती बसून राहिली. दिसत नसलेली फाइल, न दिसणाऱ्या पानावर, न दिसताच जपली गेली आहे, यावर विश्वास ठेवून दहा मिनिटं काढायची होती.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या काउंटरपाशी उभं राहिलं तर चिठ्ठ्यांवर दोन शब्द सतत दिसतात: ‘नो डिस्प्ले’. गिऱ्हाईक म्हणतं, ‘डिस्प्ले गेला’. दोन शब्दांच्या या तक्रारीत डझनभर निरनिराळे आजार लपलेले असतात, आणि त्यातले बरेचसे मॉनिटरचे नसतातच. गंमत वाटेल, पण आपण ज्याला संगणक समजून दिवसभर ज्याच्याकडे तोंड करून बसतो, तो मॉनिटर या सगळ्या प्रवासातलं शेवटचं स्टेशन आहे. चित्र तयार होतं मेमरीत. ते आखतो ग्राफिक्सचा प्रोसेसर. मग ते सॉकेटमधून केबलमध्ये, केबलमधून मॉनिटरच्या बोर्डावर, बोर्डावरून पॅनेलवर, आणि पॅनेलमागच्या उजेडामुळे डोळ्यांपर्यंत येतं. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग धरले तर ६२,२०,८००. आणि हे सगळं सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवायचं. इतक्या लांबच्या वाटेवर एका जागी जरी खंड पडला, तरी शेवटच्या स्टेशनावर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट कळते: गाडी आली नाही.

म्हणून जाणता माणूस आधी दिव्याचा रंग विचारतो. बहुतेक मॉनिटरांत सिग्नल येत असेल तर दिवा एका रंगात स्थिर जळतो. सिग्नल थांबला तर तो पिवळट होतो किंवा लुकलुकू लागतो. नम लॉकचा दिवा लावणं-विझवणं हे काम संगणक करतो, नुसता कीबोर्ड नव्हे. कळ दाबल्यावर तो बदलला तर आतली यंत्रणा गोठलेली नाही. दोन दिवे, दोन प्रश्न, आणि निम्मी वाट तपासून झाली. स्क्रू ड्रायव्हर अजून पिशवीतच आहे.

यानंतरची एक तपासणी फार सुंदर आहे आणि फार कमी लोक ती करतात. पडद्यावर उभ्या रेघा आल्या आहेत, किंवा सगळं पिवळं दिसतं आहे, असं समजा. अशा वेळी मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडायचा, कडेची बटणं दाबून येतो तो, ज्यात ब्राइटनेस आणि काँट्रास्ट असतं. हा मेनू संगणकाकडून येत नाही. मॉनिटर तो स्वतः आखतो. रेघा मेनूवरही उमटल्या तर आजार मॉनिटरच्या अंगात आहे. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र बिघडलेलं असेल तर मॉनिटर निर्दोष आहे. त्याला जे मिळतं आहे तेच तो दाखवतो आहे. याच धर्तीवर प्रिंट स्क्रीनची कळ दाबून चित्र घ्यायचं आणि ते दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर पाहायचं. त्यात खोड दिसली नाही, तर ती सहसा केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये असते. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून जबाब घ्यावेत, तशी ही रीत आहे.

केबलची कहाणी स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. निळ्या तोंडाची, दोन बाजूंनी स्क्रू आवळायची व्हीजीए केबल अजूनही कित्येक शाळांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत लटकलेली दिसते. व्हीजीए ही पद्धत आयबीएमनं १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणली, तेव्हा ६४० गुणिले ४८० ठिपक्यांवर सोळा रंग दाखवणं ही मोठी गोष्ट होती. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मॉनिटर कंपन्यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत तिला निरोप द्यायचा. तिनं मात्र निरोप घेतला नाही. त्या टोकात तीन रांगांत पंधरा पिनांची जागा असते. पहिल्या पिनेतून लाल, दुसरीतून हिरवा, तिसरीतून निळा रंग जातो. घाईत, टेबलामागे हात घालून, अंधारात केबल खोचताना एखादी पीन वाकते, आणि कोणती वाकली ते रंगच सांगतात. निळा तुटला की पांढरा कागद हळदीसारखा पिवळा होतो. लाल तुटला की सगळं फिरोजी होतं. हिरवा गेला की पान जांभळट गुलाबी. अनुभवी कारागीर पडद्याकडे पाहून पिनेचा नंबर सांगतो. मग टोक उजेडात धरायचं, शिवणाच्या सुईनं किंवा बारीक चिमट्यानं पीन अलगद सरळ करायची.

याच टोकात नवव्या जागी बऱ्याचदा पीनच नसते. ती तुटलेली नसते. अनेक केबलींत ती बसवतच नाहीत. हे माहीत नसल्यानं लोक चांगली केबल टाकून देतात. आणि बाराव्या व पंधराव्या पिना चित्र नेतच नाहीत, त्या ओळख करून देतात. मॉनिटर आपल्याबद्दलची माहिती, म्हणजे कंपनी कोणती, किती ठिपके झेपतात, सेकंदाला किती वेळा रंगवता येतं, हे १२८ बाइटच्या एका टिपणात लिहून ठेवतो आणि या दोन तारांतून संगणकाला देतो. ती वाट तुटली तर चित्र दिसतं, पण अंदाजपंचे: अक्षरं फुगलेली, गोल वर्तुळ अंड्यासारखं. ‘स्क्रीन मोठी झाली’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या संगणकात तासभर सेटिंग शोधण्याआधी केबल बदलून पाहणं शहाणपणाचं.

नव्या डिजिटल केबलींचं दुखणं वेगळं. एचडीएमआयची केबल खराब झाली तर रंग फिके पडत नाहीत. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, किंवा पांढरे कण चमकून जातात. आणि नव्या मशीनवर सर्वांत जास्त होणारी चूक फारच साधी आहे. ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलेलं असतं, आणि केबल मात्र वरच्या बाजूला मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर त्या सॉकेटमधून काहीच येत नाही. हजारो रुपयांचं कार्ड निमूट काम करत असतं आणि त्याचं चित्र न्यायला केबलच नसते. चार बोटं खालचं सॉकेट, एवढाच इलाज.

बाहेरचं सगळं पाहून झालं की मगच कॅबिनेट उघडायचं. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज निघू देऊन, आणि धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून. महाराष्ट्रातल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याच्या पिशवीत इथे एक शाळकरी वस्तू निघते: खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून रबर हलकेच फिरवायचं, कण झटकायचे, पट्टी पुन्हा बसवायची, दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. कोकणात पावसाळा संपला की हा उपाय हमखास लागतो, कारण दमट हवेत धूळ चिकट होते आणि दातांवर तिचा पापुद्रा बसतो. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्यामुळे जोरानं घासलं तर आजारापेक्षा औषध महाग पडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं जास्त बरं. पण रबर सगळ्यांच्या घरात असतं, आणि दहावीतल्या मुलाच्या कंपासपेटीतल्या रबरानं वडिलांच्या दुकानाचा संगणक सुरू झाल्याच्या कथा गावोगाव ऐकायला मिळतात.

रॅम आणि डिस्प्ले यांचा संबंध नवख्याला कळत नाही. संगणक चालू होताना स्वतःचीच तपासणी करतो, आणि मेमरी सापडली नाही तर चित्र आखण्यापर्यंत तो पोचतच नाही. मग त्याला सांगायचं असेल तर तो काय करणार? पडदा नाही, म्हणून तो शिट्टी वाजवतो. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. नव्या बोर्डांवर शिट्टीऐवजी चार बारके दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट. ज्याच्यापाशी गाडी अडली त्याचा दिवा जळत राहतो. डीडीआर५ मेमरीची काही नवी मशीनं पहिल्यांदा चालू केल्यावर कित्येक मिनिटं काळा पडदा धरून बसतात, कारण ती मेमरीशी आपला ताल जुळवून घेत असतात. घाबरून बटण दाबलं की ते जुळवणं पुन्हा पहिल्यापासून.

मॉनिटर उघडणं हे मात्र जाणकारानंच करावं असं काम. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये साधारण २५,००० व्होल्टचा दाब असायचा आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत टिकायचा. त्यात हात घालायला धैर्यापेक्षा शिक्षण लागायचं. सपाट पडद्यांच्या पहिल्या पिढीला वेगळंच ग्रहण लागलं. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या लाखो मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत निकृष्ट रसायन भरलेले कपॅसिटर गेले होते. त्यांची वरची टोपी सपाट असायला हवी ती फुगायची, कधी फाटून तपकिरी रस बाहेर यायचा. अशा मॉनिटरची खूण ठरलेली: आज चालू व्हायला दहा सेकंद, पुढच्या महिन्यात एक मिनिट, मग एका सकाळी नाहीच. काही रुपयांचे कपॅसिटर आणि डागणी घेऊन बसलेल्या कारागिरांनी त्या काळात कित्येक मॉनिटर भंगारातून परत आणले.

मराठीत काम करणाऱ्यांनी मात्र डिस्प्लेचा आणखी एक आजार सोसला आहे, ज्यात केबल, पॅनेल, रॅम सगळं धडधाकट असतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं तेव्हा साध्या पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटवणं हेच मोठं काम होतं. त्यासाठी जिस्ट नावाचं वेगळं कार्ड संगणकात बसवावं लागे. पुढे मराठीचे फाँट आले, पण ज्या फाँटात मजकूर टाइप केला तो समोरच्याकडे नसेल तर अख्खी कादंबरी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या चिवड्यासारखी दिसायची. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आला. एक्सपीमध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागायची, आणि ती केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसे. खरं तर युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतरच साठवलेली असते. तिला पुढे आणून दाखवणं हे पडद्यावर अक्षरं जुळवणाऱ्याचं काम. काही फाँटांत ‘दऱ्या’ लिहिलं तरी ‘दर्या’ दिसायचं, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र व्हायचा. लेखक हादरून पुन्हा टाइप करायला बसत. फाइल उघडून बघितली तर आत सगळं जागच्या जागी असे. बिघडलेलं होतं ते दाखवणं.

त्या दहा मिनिटांत काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला नेमकं हेच सावरून धरायचं असतं. जे दिसत नाही ते नाहीसं झालं, असं मन लगेच ठरवून टाकतं, आणि मग हात बटणाकडे जातो. संगणक बनवणाऱ्यांनी मात्र एका ठिकाणी फार समजूतदारपणे विचार केला आहे. विंडोजमध्ये रिझोल्यूशन बदललं की एक प्रश्न येतो: हा बदल ठेवायचा का? आणि पंधरा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. उत्तर आलं नाही तर संगणक आपणहून जुन्या सेटिंगवर परत जातो. उत्तर न देणाऱ्याला तो आळशी समजत नाही, बेफिकीर समजत नाही. या माणसाला बहुधा पडदाच दिसत नसेल, असं तो धरून चालतो आणि एक पाऊल मागे घेतो.

पडदा मुळीच नको असलेली माणसंही या यंत्रांवर रोज काम करतात. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ साली एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत कार्यक्रम लिहायला घेतला. त्याच्याबरोबर चालणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. त्या माणसांच्या टेबलावर मॉनिटर बंद असला तरी पत्रं लिहिली जातात, हिशेब होतात, पुस्तकं वाचली जातात. डोळस माणसालाही अडचणीत ही वाट खुली आहे. स्पीकर चालू असेल तर विंडोजची कळ, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबायचं. नॅरेटर जागा होतो आणि कुठे आहोत ते बोलून सांगू लागतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू होतो; पडदा मिचकतो, बीप ऐकू येतो, आणि उघडलेली फाइल जशीच्या तशी राहते.

फोन दहाव्या नव्हे, चौदाव्या मिनिटाला वाजला.

"ताई, आता खोलीतला दिवा घालवा. मोबाइलची बॅटरी लावा आणि पडद्याच्या अगदी जवळ, तिरपी धरा. कोपऱ्यापासून सुरू करा."

तिनं ट्यूबलाइट बंद केली. १८८८ साली प्राग शहरात फ्रीड्रिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू सापडले, आणि त्यातून द्रव स्फटिकांची ओळख झाली. त्या द्रव स्फटिकांचा एक गुण असा की ते स्वतः प्रकाशत नाहीत. मागून येणारा उजेड अडवायचा की सोडायचा, एवढंच ते ठरवतात. मागचा दिवा मेला तरी ते आपलं काम करत राहतात, अंधारात, अक्षर न् अक्षर आखत.

बॅटरीचा पांढरा गोल काळ्या काचेवरून सरकला आणि त्यात पानाची कड दिसली. पाण्याखालच्या फरशीसारखी, धूसर.

"दिसतंय, दादा. पान दिसतंय."

"बॅकलाइट गेलाय फक्त. वर फाइलचं नाव बघा. नावाआधी चांदणी आहे का?"

इनडिझाइनमध्ये न जपलेल्या फाइलच्या नावाआधी एक बारीक चांदणी येते. तिनं बॅटरी वर नेली, डोळे काचेला टेकतील इतकी वाकली. नाव होतं. चांदणी नव्हती.

"नाहीये."

"मग आता निवांत बंद करा, शेजारच्या टेबलावरचा मॉनिटर या केबलला लावा. केबल तीच ठेवा, बाकी काही बदलू नका."

ती लगेच उठली नाही. बॅटरी खाली आणत पानाच्या तळाशी गेली. सांडणाऱ्या त्या दोन ओळी आवळून बसवल्या होत्या, तशाच होत्या, आणि त्यांच्याखाली पानाचा आकडा, ५७.